धागा: पैशाला पासरी की पायलीचे पन्नास? (जुनी मापं, नवी डोकेफोड)

बोरूबहाद्दर
साधा प्रश्न आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही. एखादी गोष्ट फार स्वस्त, फार मुबलक असली की आपण म्हणतो ‘पैशाला पासरी’. तसंच म्हणतो ‘पायलीचे पन्नास’. या दोन्हींत जास्त स्वस्त कोण?

पासरी म्हणजे पाच शेर. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणून रुपयाचे ६४ पैसे. पैशाला पासरी म्हणजे रुपयाला ३२० शेर, म्हणजे ८ मण. शेर ९३३ ग्रॅमचा धरला तर रुपयाला जवळजवळ २९९ किलो. एवढं गणित जमलं. पायलीच्या बाजूला मात्र गाडं अडलंय. जाणकारांनी उजेड पाडावा. ओघात जुन्या मापांबद्दल आणखी काही आलं तर अवांतर म्हणून नाक मुरडणार नाही.

ताकभात
दोन दिवस? कामधंदा पैशाला पासरी दिसतोय.

दांडीपारडं
आधी एक फोड करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. शेर दोन आहेत, वजनी आणि कैली. वजनी शेर तागडीचा: ८० तोळे, तोळा १८० ग्रेनचा, म्हणून ११.६६४ ग्रॅमचा. ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा. हे ब्रिटिश काळात नक्की झालेलं प्रमाण.

कैली शेर भांड्याचा. दोन निळवी = एक कोळवं, दोन कोळवी = एक चिपटं, दोन चिपटी = एक मापटं, दोन मापटी = एक शेर, दोन शेर = एक अधोली, दोन अधोल्या = एक पायली. म्हणजे पायलीचे शेर चार. पुढे खंडीचे मण बहुतेक ठिकाणी वीस, पण कैली मणाच्या पायल्या किती हे गावाला विचारायचं. कुठे बारा, कुठे सोळा. पायलीचा आकारही गावागणिक बदलतो. त्यामुळे ‘पायली म्हणजे किती किलो’ याला एक उत्तर नाही. एकाच पायलीत बाजरी वेगळी भरते, भात वेगळा, लाह्या तर विचारूच नका.

पासरी वजनी आहे आणि पायली कैली. मूळ प्रश्नातली मेख इथेच आहे.

कोकणफणस
आणि शीग विसरलात! पायली सपाट मोजायची की शिगेची, यावर भांडणं झालेली आहेत. ‘शिगोशीग’, ‘शिगेला पोचणे’ हे सगळं मापाच्या तोंडावर उभ्या राहणाऱ्या त्या ढिगातून आलंय. आता आपली उत्सुकता शिगेला पोचते, धान्य थैलीत बसतं.

शून्यशेष
शिगेचं गणित मजेदार आहे. धान्य ओतलं की साधारण ३० अंशांच्या उताराचा शंकू होतो. मापाची त्रिज्या आणि उंची सारखी असेल, म्हणजे माप पसरट असेल, तर शिगेत मापाच्या १९ टक्के धान्य जास्त बसतं. तेच माप उभट असेल, उंची त्रिज्येच्या दुप्पट, तर शिगेत साडेनऊ टक्केच. दोन्ही भांड्यांत सपाट भरलेलं धान्य सारखं असलं तरी तोंड रुंद असणाऱ्याची शीग मोठी. म्हणून घेणाऱ्यानं पसरट माप मागावं आणि विकणाऱ्यानं उभट पुढे करावं.

दुसरी गोम आपटण्याची. माप भरून जमिनीवर दोनदा आपटलं की दाणे बसतात आणि वर जागा होते. उंचावरून ओतलं तरी दाणे घट्ट बसतात. हलक्या हातानं, कडेकडेनं सोडलं तर पोकळ्या राहतात. दोघंही प्रामाणिक, माप तेच, तरी पायलीमागे मूठभर फरक सहज पडतो.

तिरपागडा
मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन... संगणकवाले शून्यापासून मोजतात म्हणून उगाच भाव खातात. आपल्या खळ्यांवर मोजणी लाभापासून सुरू होते.

गुंजभर
तोळ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट उपयोगाची. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा आहे, जुना ११.६६४ ग्रॅमचा. जुन्या याद्यांमध्ये, वाटणीपत्रांत ‘५ तोळे ३ मासे ४ गुंजा’ असं लिहिलेलं सापडतं. त्याचं ग्रॅममध्ये रूपांतर असं:

१ तोळा = १२ मासे, १ मासा = ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. तीन गुंजांचा एक वाल, म्हणून तोळ्याचे वाल ३२. मासा ०.९७२ ग्रॅम, गुंज ०.१२१५ ग्रॅम.

५ तोळे = ५८.३२, ३ मासे = २.९२, ४ गुंजा = ०.४९. एकूण ६१.७३ ग्रॅम. हेच कुणी ‘पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम आणि वर थोडं’ असं धरलं तर आठ-नऊ ग्रॅम सोनं कागदावरच वितळतं.

घरात वजनं नसतील तर ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया तोळ्याचाच असे, म्हणून ‘रुपयाभार’ हे वजन. ८० रुपये म्हणजे शेर. फक्त झिजलेला रुपया घेऊ नये. राणीचं नाक सपाट झालं असेल तर तोळाही सपाट झालेला असतो.

अक्कलखाते
जुन्याचं कौतुक पुरे. गावागणिक पायली वेगळी, मण वेगळा, शेर दोन, तोळा आता आणखी तिसराच. ही पद्धत म्हणजे लबाडाला आंदण. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला लागले, १९६२ पर्यंत वजनांत सक्तीचे झाले, तेव्हा कुठे माणसाला ‘एक किलो’ म्हणजे सगळीकडे एकच किलो मिळाला.

बोरूबहाद्दर
@अक्कलखाते, गावागणिक वेगळेपणाबद्दल मान्य. पण १६ आणि ६४ ची गंमत वेगळी आहे. रुपया निम्मा केला की अधेली, आणखी निम्मा की पावली, आणखी निम्मा की चवली, मग आणा, मग दोन पैसे, मग पैसा. सहा वेळा निम्मं करूनही पूर्णांकच. १०० पैशांचा रुपया दोनदाच निम्मा होतो, तिसऱ्यांदा साडेबारा. चिपटं-मापटं-शेर-अधोली यांचंही तसंच. तागडीवर निम्मं करणं सर्वांत सोपं, कारण त्याला वजनच लागत नाही. दोन पारड्यांत सारखं वाटलं की झालं. दशमान पद्धत कागदावर सोपी, ही हातात सोपी.

शून्यशेष
आणि म्हणूनच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे). पाढे पाठ करायला लावायचे त्याचं कारण बाजार होता. ‘पावणेचार आणे शेरानं सात शेर’ हे तोंडी सांगायचं तर दुसरा इलाज नाही. (सव्वासव्वीस आणे, म्हणजे एक रुपया सव्वादहा आणे.)

यातली एक युक्ती अजून चालते. दीड दीड सव्वादोन, अडीच अडीच सव्वासहा, औट औट सव्वाबारा. ‘साडे’च्या आकड्याचा वर्ग हवा असेल तर पूर्णांकाला त्याच्या पुढच्या आकड्यानं गुणा आणि वर पाव ठेवा. साडेसात गुणिले साडेसात? सात आठे छप्पन्न, उत्तर सव्वाछप्पन्न.

ताकभात
औट म्हणजे साडेतीन हे आज कळलं. मग ‘औट घटकेचं राज्य’ म्हणजे नेमकं किती वेळ?

घटिका
८४ मिनिटं. दिवसरात्रीच्या ६० घटका, म्हणून घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, पळ २४ सेकंदांचं. पळाची ६० विपळं, विपळ ०.४ सेकंदाचं. दोन घटकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा, साडेसात घटकांचा प्रहर तीन तासांचा. ‘पळभर थांब’ म्हणणाऱ्याला २४ सेकंदांनंतर जाब विचारता येतो.

ताकभात
८४ मिनिटं! काही मंत्रिमंडळांना हेवा वाटेल.

तिरपागडा
साडेतीनचं आपल्याला वेडच आहे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन हातांचा देह, पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, कारण मुत्सद्देगिरीला तलवारीची जोड. नाना फडणवीस तलवारीच्या वाटेला गेले नाहीत म्हणून अर्धे. पुढे अर्ध्यानंच सर्वांत जास्त काळ कारभार केला, हा हिशोब औटकीत बसत नाही.

कोकणफणस
@घटिका, ते लग्नातलं घटिकापात्र घरी करता येतं का? पोरांना दाखवायचं आहे.

घटिका
येतं, धीर हवा. सूर्यसिद्धान्तात दिलंय ते असं: तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र स्वच्छ पाण्यावर ठेवायचं, ते अहोरात्रात साठ वेळा बुडायला हवं. पाणी भोकातून आत येतं, भरलं की पात्र तळाला जातं, ठण्ण वाजतं, घटका भरली. ‘त्याची घटका भरत आली’ हा वाक्प्रचार इथला.

१) पातळ पत्र्याची, गोल बुडाची वाटी घ्या. जाड स्टीलची नको, ती भराभर बुडते. ती जितकी जड तितकी पाण्यात खोल बसते, आणि तितका आत येणाऱ्या पाण्याचा जोर जास्त.

२) तळाच्या बरोबर मध्यात भोक पाडा. एका बाजूला सरकलं तर वाटी कलते, काठावरून पाणी घेते आणि वेळेआधी बुडते.

३) भोक सुरुवातीला शक्य तितकं बारीक. वेळ भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो. व्यास दुप्पट केलात तर वेळ चौथाईवर येतो. म्हणून टोचणीनं एकेक वळसा देत वाढवायचं आणि दर वेळी घड्याळ लावून पाहायचं. भोक मोठं करता येतं, लहान करणं कठीण. फारच मोठं झालं तर वरून मेण लावून पुन्हा टोचा.

४) २४ मिनिटांचा हट्ट पहिल्याच दिवशी धरू नका. छोट्या वाटीला सहा मिनिटं जमली तरी पाव घटका झाली.

बिघडतं कुठे? भोकात कचरा अडकला की वेळ वाढतो, म्हणून पाणी गाळून. पाणी खूप गार असेल तर ते दाट वाहतं आणि बारीक भोकाला फरक पडतो. पाण्यावर वाटी सोडताना आत थेंबही नको. भास्कराचार्यांच्या लेकीच्या, लीलावतीच्या लग्नाची ती दंतकथा, मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, ती खरी असो वा नसो, यंत्र कुठे नडतं हे तिच्यात नेमकं आलंय.

सातबारा
वजन, माप, वेळ झालं. जमीन राहिली. जिथे खरे पैसे बुडतात ती चूक सांगतो.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की लोक बिनदिक्कत ‘आर म्हणजे गुंठा’ म्हणतात. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर दिसलं की ‘एक एकर’ म्हणून सौदा. प्रत्यक्षात ते ३९.५४ गुंठे. ०.४६ गुंठा कमी, म्हणजे ५०० चौरस फूट. गावाबाहेर बांधाएवढी गोष्ट, शहराच्या वेशीवर एका खोलीच्या फ्लॅटची. एकर हवा असेल तर उताऱ्यावर ०.४०४७ पाहा, आणि त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती तेही.

शिवकाळात काठी पाच हात पाच मुठींची. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. हात कुणाचा हा प्रश्न तेव्हाही असणारच, म्हणून काठी ठरवून द्यावी लागली.

अक्कलखाते
बघा, पुन्हा माझाच मुद्दा. हात कुणाचा!

सातबारा
मग ‘ब्रास’ घ्या, तो तर ब्रिटिशांच्या काळातला आणि आजही चालू. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट. फरशीचा, प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फूट. शब्द एक, मापं दोन. ट्रकच्या हौद्यात वाळू आली की लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणा, शंभरानं भागा. १० गुणिले ६ गुणिले ३ चा हौदा १.८ ब्रासचा. तोच ‘दोन ब्रास’ म्हणून येतो. शिवाय प्रवासात वाळू दबते, त्यामुळे वाळू कुठवर भरली होती हे हौद्याच्या आतल्या ओल्या रेषेवर पाहायचं.

दांडीपारडं
आता कोडं. व्यापाऱ्याकडे ४० शेरांचा, म्हणजे मणाचा, एकच दगड होता. पडला आणि चार तुकडे झाले. व्यापारी रडायच्या ऐवजी हसला, कारण त्या चार तुकड्यांनी त्याला १ शेरापासून ४० शेरांपर्यंत प्रत्येक पूर्ण वजन करता येऊ लागलं. तुकडे किती किती शेरांचे?

ताकभात
१०, १०, १०, १०. आणि व्यापारी वेडा म्हणून हसला.

कोकणफणस
१, २, ४, ८ केलं तर १५ च्या पुढे जात नाही. १, २, ४, ३३? मग ८ कसं करणार? जमत नाही.

शून्यशेष
इशारा: तागडीला पारडी दोन असतात.

गुंजभर
१, ३, ९, २७! दगड मालाच्या पारड्यातही ठेवायचा. २ शेर हवे तर एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला माल आणि १. चौदा हवे तर २७ एकीकडे, माल आणि १, ३, ९ दुसरीकडे. वीसला २७ आणि ३ एकीकडे, माल आणि ९, १ दुसरीकडे. चौघांची बेरीज बरोबर ४०.

दांडीपारडं
सोळा आणे बरोबर. एकाच पारड्यात वजनं ठेवायची अट असती तर चार तुकडे पुरले नसते, सहा लागले असते: १, २, ४, ८, १६ आणि ९.

आता याहून खोडसाळ. एका दुकानदाराच्या तागडीची दांडी असमान आहे, एक हात चार वीत, दुसरा पाच वीत. पारडी रिकामी असताना पासंग बांधून समान केलेली, त्यामुळे दिसायला सरळ. (पासंग म्हणजे हलक्या पारड्याला बांधलेला खडा किंवा चिंधी. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणजे त्या चिंधीच्याही किमतीचा नाही.) गिऱ्हाईकानं दोन किलो साखर मागितली. दुकानदार म्हणाला, शंका नको, एक किलो या पारड्यात तोलतो आणि एक किलो त्या पारड्यात. फिट्टंफाट. फायदा कुणाचा?

अक्कलखाते
फिट्टंफाटच ना. एकदा कमी, एकदा जास्त.

शून्यशेष
नाही. एकदा ४/५ म्हणजे ८०० ग्रॅम, दुसऱ्यांदा ५/४ म्हणजे १२५० ग्रॅम. एकूण २ किलो ५० ग्रॅम. दुकानदार प्रामाणिकपणा दाखवायला गेला आणि ५० ग्रॅमला बुडाला. दांडी कितीही वाकडी असू दे, पारडी बदलून अर्धं-अर्धं तोललं की गिऱ्हाईकाचाच लाभ. लाभ, दोन, तीन.

अशा तागडीवर खरं वजन काढायचं तर माल एका पारड्यात ठेवा, दुसऱ्यात वाळू टाकून दांडी सरळ करा. मग वाळू तशीच ठेवून माल काढा आणि त्याच्या जागी वजनं ठेवा. पुन्हा सरळ झाली की तीच खरी वजनं. दांडी वाकडी असली तरी दोन्हींना सारखीच वाकडी.

तिरपागडा
तेल वाटायचं कोडं कुणीच टाकलं नाही? आठ शेरांचं भांडं भरलेलं, पाच आणि तीन शेरांची रिकामी. चार-चार वाटायचं.

गुंजभर
सात ओतण्यांत. आठ-पाच-तीन या क्रमानं भांड्यांत उरतं ते असं: ३-५-०, ३-२-३, ६-२-०, ६-०-२, १-५-२, १-४-३, ४-४-०. प्रत्यक्ष करून पाहू नका. सात वेळा ओतल्यावर भांड्यांना चिकटलेलं तेल धरून दोघांचे मिळून साडेसात शेर भरतील.

कोकणफणस
नाणी राहिली की. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वा कुठून आणणार? म्हणून एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. एकेक आणा करून चारदा दिला तर २४ पैशांत काम, एकदम चार आणे दिले तर २५. चार आण्यांचं, म्हणजे २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. पण ‘चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला’ अजून चालू आहे.

ताकभात
त्यात एकूण खर्च बरोबर रुपया होतो हे लक्षात आलंय का कुणाच्या? म्हणीवाला हिशोबाचा पक्का होता.

तिरपागडा
जुन्या पुस्तकांवर ‘कि. १।। रु.’ दिसतं, ते दोन दंड म्हणजे दोन पावल्या. १। सव्वा, १।। दीड, १।।। पावणेदोन. हल्लीची मुलं ते एकशे अकरा वाचतात आणि पुस्तक महाग म्हणून खाली ठेवतात.

बोरूबहाद्दर
सगळं झालं, माझा प्रश्न तसाच आहे. पासरी की पन्नास?

शून्यशेष
गृहीत धरून सोडवू. पायलीचे पन्नास म्हणजे पायलीभर धान्य देऊन पन्नास नग. धान्याचा भाव लावल्याशिवाय तुलना होणार नाही, म्हणून धान्यच पैशाला पासरी धरू. आणि कैली शेर भरून धान्य तोललं तर वजनी शेरच भरेल, असंही धरू. (दांडीपारडं, डोळे मिटा.) पायलीचे चार शेर, पासरीचे पाच, म्हणून पायली पाऊण पैशाहून किंचित जास्त, ०.८ पैशाची. ०.८ पैशाला पन्नास नग, तर पैशाला साडेबासष्ट नग.

पासरी म्हणजे ४०० तोळे. भागिले साडेबासष्ट, ६.४ तोळे. म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. नग याहून हलका असेल तर पैशाला पासरी स्वस्त, जड असेल तर पायलीचे पन्नास स्वस्त. लिंबं पासरीनं घ्यावी, मोठे कांदे पायलीनं.

दांडीपारडं
कैली-वजनीची सरमिसळ वगळता हरकत नाही. शीग धरली का?

शून्यशेष
नाही. शिगेची पायली असेल तर वर १० ते १९ टक्के धान्य जास्त द्यावं लागेल. मग सीमा ६.४ तोळ्यांवरून सात-साडेसात तोळ्यांवर, ८२ ते ८९ ग्रॅमवर जाते. मधल्या कांद्यांचं काय ते विकणाऱ्याशी बोलून घ्या.

ताकभात
पण ‘पायलीचे पन्नास’ आपण माणसांबद्दल म्हणतो. ‘असे सल्लागार पायलीचे पन्नास मिळतात.’ माणूस तर ७५ ग्रॅमपेक्षा जड असतो.

अक्कलखाते
सल्लागार शिगेनं की सपाट?